चिपळूणच्या दुकानातून घेतलेला युगोस्लाव्हियाच्या नोटांचा सेट : घ्यावा की नाही

आधीच सांगते, मी नोटा जमवणाऱ्यातली नाही. बावीस वर्षं कॅशवर बसून लोकांच्या नोटा मोजल्या, व्हीआरएस घेतली तेव्हा म्हटलं आता नोटेला हात लावायचा तो फक्त बाजारात. पण गेल्या श्रावणात गणपतीच्या सामानासाठी गुहागरहून चिपळूणला गेले, बाजारपेठेत पावसाने असं झोडपलं की छत्रीचा काही उपयोग नाही, आडोशाला म्हणून जुनी नाणी-नोटा-तिकिटं विकणाऱ्या एका दुकानात शिरले आणि मखराचे पैसे तिथेच घालवून बाहेर आले. घरी काय ऐकलं ते विचारू नका.

दुकान म्हणजे एका दाराची खोली. भिंतीवर माझ्या डोक्याच्या बरीच वर निळ्या खडूची रेघ आणि बाजूला '२२ जुलै २०२१' लिहिलेलं. चिपळूणकरांना समजावायला नको, वाशिष्ठीचं पाणी तिथपर्यंत होतं. तेव्हापासून चांगला माल पोटमाळ्यावर असतो, खाली फक्त सुटी नाणी आणि पितळेच्या वस्तू. दुकानदार काका सत्तरीचे असतील, म्हणाले वाईच बसा, पाऊस काय लगेच थांबत नाही, आणि शिडी चढून एक अल्बम घेऊन आले. अल्बमवर मार्करने मोठ्या अक्षरात 'युगोस्लाव्हाकिया'. मी म्हटलं काका, युगोस्लाव्हिया वेगळा आणि झेकोस्लोव्हाकिया वेगळा, तुम्ही दोन्ही एकत्र केलेत. तर शांतपणे म्हणाले, दोन्ही तुटले ना, मग.

आता वस्तूबद्दल. २६ नोटा, प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम, प्रत्येक कप्प्यात काकांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. सांगितले ३२००, घेतले २८००. ऑनलाइन यातल्या सुट्या नोटा स्वस्त मिळतात हे मुलाने लगेच मोबाइलवर दाखवलं, पण ओळीने लावलेल्या आणि चिठ्ठ्यांसकट असा सेट त्याला सापडला नाही. बऱ्याचशा नोटा आपल्याच भागातल्या बोटीवर काम करणाऱ्या माणसांच्या ट्रंकांमधून आल्यात. आपल्याकडे घरटी एक माणूस बोटीवर, ८० च्या दशकात रियेका, स्प्लिटसारख्या बंदरांत जहाज लागायचं, खिशात उरलेले दिनार घरी यायचे आणि बायका ते कुंकवाच्या डब्याखाली ठेवून विसरायच्या. त्याआधीच्या आणि नंतरच्या नोटा काकांनी अदलाबदल करून मिळवल्या. तीन नोटांवर पुराचा तपकिरी डाग आहे, तो त्यांनी आपणहून दाखवला, लपवला नाही, हे मला आवडलं.

तक्रार पहिल्याच पानावर. पहिली नोट १९१९ ची, १०० दिनारची, वर शिक्का '४०० क्रुना'. बोटाने घासली आणि कळलं की ही नक्कल. कागद मऊ, शाई पसरलेली, बावीस वर्षांत एवढं तरी शिकले. चिठ्ठी उलटी केली तर मागे बारीक अक्षरात 'प्रतिकृती'. अहो काका, हे पुढच्या बाजूला लिहा ना! त्याचे दोनशे कमी करायला हवे होते, केले नाहीत. तरी ते पान मी काढून टाकणार नाही, कारण भांडणाची पहिली ठिणगी त्या शिक्क्यातच आहे. १ डिसेंबर १९१८ ला बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य जाहीर झालं, गादीवर सर्बियाचं घराणं. निम्मा देश तोवर ऑस्ट्रिया-हंगेरीचा, त्यांच्या खिशात क्रोन म्हणजेच क्रुना, सर्बियाच्या खिशात दिनार. एक चलन करायचं तर भाव काय? ठरला ४ क्रुनाला १ दिनार. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या माणसाला वाटलं आपल्याला एकाच झटक्यात लुटलं. म्हणजे लग्नाच्या मांडवातच मानपानावरून रुसवा, आणि तो रुसवा पुढे कधी गेलाच नाही. १९२८ ला क्रोएशियाचे पुढारी स्तेपान रादिच यांना भर संसदेत गोळी घातली, दीड-दोन महिन्यांत ते गेले. पुढच्या जानेवारीत राजा अलेक्झांडरने संसदच मोडली आणि वर्षअखेरीआधी देशाचं नाव युगोस्लाव्हिया केलं, म्हणजे दक्षिणेकडच्या स्लाव्ह लोकांची भूमी. १९३४ ला मार्सेमध्ये त्याचाही खून. हे सगळं काकांनी एका चिठ्ठीत कोंबलंय, अक्षर इतकं बारीक की मी मुलाला वाचायला लावलं.

दुसऱ्या महायुद्धाचं पान मी पटकन उलटते, पण ते आहे. ६ एप्रिल १९४१ ला जर्मनीने बेलग्रेडवर बॉम्ब टाकले, देशाचे तुकडे वाटून घेतले, क्रोएशियात जर्मनीच्या बाजूच्या कट्टर क्रोएट उस्ताशांचं राज्य बसलं. त्यांची कुनाची नोट आहे सेटमध्ये. यासेनोवात्सच्या छळछावणीत मेलेल्यांची नावं आजवर नोंदली त्यांची संख्या ८० हजारांच्या वर जाते, सर्ब, ज्यू, रोमा आणि उस्ताशांना विरोध करणारे क्रोएटसुद्धा. दुसऱ्या बाजूला चेतनिक म्हणजे राजाच्या बाजूचे सर्ब लढवय्ये, त्यांच्याही हाताला रक्त. देशात चार वर्षांत १० लाखांच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली किती तरी एकमेकांच्या हातून. पुढे ९० साली पुढाऱ्यांनी ज्या जखमा उकरल्या त्या इथल्या, हे लक्षात ठेवून पुढची पानं बघायची.

आणि पुढची पानं म्हणजे या सेटची खरी जान. १९५५ च्या हजाराच्या नोटेवर एक कामगार आहे, टोपी घातलेला, चेहरा घामेजलेला पण हसरा. राजा नाही, सेनापती नाही, देशाचा सर्वेसर्वा टिटोसुद्धा नाही. त्याचं नाव आरिफ हेरालिच, बोस्नियातल्या झेनित्साच्या पोलाद कारखान्यातला. १९६६ ला १०० जुन्याला १ नवा दिनार झाला तेव्हा हाच चेहरा १० दिनारच्या नोटेवर आला. देशभर लोकांच्या खिशात फिरला आणि शेवटी स्वतः गरिबीतच गेला. मी कॅशियर, मला या गोष्टीने जरा जास्तच लागलं. १९८७ च्या २० हजारांच्या नोटेवर खाणकामगार आलिया सिरोतानोविच, यानेही बोस्नियातच १९४९ ला एका पाळीत कोळसा काढण्याचा विक्रम केला होता. म्हणतात की टिटोने विचारलं काय हवं, तर म्हणाला मोठं फावडं द्या. खरं-खोटं देव जाणे, पण नोटेवरचा चेहरा बघून पटतं.

टिटो स्वतः नोटेवर आला १९८५ ला, म्हणजे मेल्यावर पाच वर्षांनी. ५००० ची नोट. बाप क्रोएट, आई स्लोव्हेन, जर्मनांशी लढला पार्टिझन म्हणजे कम्युनिस्टांची सेना घेऊन, २९ नोव्हेंबर १९४५ ला प्रजासत्ताक जाहीर केलं, सहा गणराज्यं : स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो, मॅसेडोनिया, आणि सर्बियाच्या आत व्होइव्होदिना आणि कोसोवो हे दोन स्वायत्त प्रांत. १९४८ ला स्टॅलिनशी फाटलं तरी टिकला. नेहरू, नासर आणि तो १९५६ ला ब्रिओनी बेटावर भेटले, १९६१ ला बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली परिषद, दिल्लीत त्याच्या नावाचा रस्ता आहे. आमच्या ह्यांना हे सगळं पाठ, शाळेत असताना रेडिओवर टिटो गेल्याची बातमी ऐकलेली आठवते त्यांना, ४ मे १९८०. मुलाला मात्र त्या देशातले फक्त फुटबॉलवाला मॉड्रिच आणि टेनिसवाला जोकोविच माहीत, आणि ते दोघं एकेकाळी एकाच देशात जन्मले हे त्याला मी सांगितल्यावर कळलं.

एक गोष्ट सगळ्यांना दाखवते. आपल्या शंभराच्या नोटेवर मागे भाषांची पट्टी असते ना, पंधरा भाषा, त्यात कोंकणी आणि मराठी दोन्ही. त्यांच्याही नोटेवर रक्कम सर्बो-क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन अशी लिहिलेली, रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत. यातली सर्बो-क्रोएट ही खरं तर एकच बोली, आता तिचीच चार नावं झालीत : सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनेग्रिन. माझ्या मते गुहागरच्या आणि मालवणच्या बोलण्यात त्याहून जास्त फरक आहे, सासरी मालवणी नातेवाईक आहेत म्हणून अनुभवाने सांगते.

मग शून्यं वाढायला लागतात. ७० च्या दशकात बाहेरून कर्ज काढून सगळं चाललं, टिटो गेल्यावर डोक्यावर २० अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज, फेडायला नोटा छापायच्या आणि आयात बंद. १९८५ ला ५ हजार, ८७ ला २० हजार, ८८ ला ५० हजार, ८९ ला २० लाखांची एक नोट. पाच वर्षांत! कॅशवर बसलेल्या माणसाला विचारा, नोटेवर शून्य वाढलं की काउंटरपलीकडच्या माणसाचा आवाज चढतो. श्रीमंत स्लोव्हेनियाला वाटायचं आम्ही मिळवतो आणि दक्षिणेकडे ओततो, कोसोवोत बेकारी भयंकर, तिथल्या अल्बेनियन लोकांना वाटायचं आम्हाला काही मिळतच नाही, आणि तिथल्या सर्बांना वाटायचं आम्हाला हाकलतायत. या चिडीवर सर्बियाचा पुढारी स्लोबोदान मिलोशेविच वर चढला. कोसोवो आणि व्होइव्होदिनाची स्वायत्तता काढून घेतली, २८ जून १९८९ ला कोसोवोच्या माळावर ६०० वर्षांपूर्वीच्या लढाईच्या नावाने लाखोंची सभा. क्रोएशियात तिथला पुढारी तुजमान आपल्या बाजूने तेच करत होता.

१ जानेवारी १९९० ची नवी नोट बघितली की मला वाईट वाटतं. पंतप्रधान आन्ते मार्कोविचने चार शून्यं कापली, ७ दिनारला १ जर्मन मार्क असा भाव बांधला, आणि काही महिने महागाई खरंच थांबली. कोरी करकरीत नोट आहे, वाटतं हे चाललं असतं. पण त्या वर्षाच्या शेवटी सर्बियाच्या सरकारने गुपचूप देशाच्या मध्यवर्ती बँकेतून सुमारे १.४ अब्ज डॉलरएवढी रक्कम परवानगीशिवाय उचलली, पगार-पेन्शन वाटायला, निवडणूक होती ना. जानेवारी ९१ मध्ये उघडकीला आलं. म्हणजे घरातल्याच माणसाने तिजोरीची किल्ली काढून घेतली. माझ्या नोकरीत दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसवायचे, आणि इथे!! मग स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने कशाला थांबावं? २५ जून १९९१ ला दोघं बाहेर पडले. स्लोव्हेनियाची पहिली नोट सेटमध्ये आहे, तीवर त्रिग्लाव डोंगर, छापलेलं साल १९९०, आणि चलनाचं नावच नाही, नुसता आकडा. नोटा आधी छापल्या, नाव मागून.

स्लोव्हेनियातली लढाई दहा दिवसांत संपली. क्रोएशियात वुकोवार ८७ दिवस झुंजलं आणि १८ नोव्हेंबर १९९१ ला पडलं, शहराच्या जागी ढिगारा. आता इथून काकांनी एक फार हुशारीचं काम केलंय, त्याचे मी त्यांना पूर्ण मार्क देते. नोटांवरच्या चित्रांखाली त्यांनी फक्त दुसरी एक तारीख लिहिली आहे. १९८८ ची ५० हजारांची नोट, मागे दुब्रोव्निक शहर, तटबंदी आणि समुद्र, आपल्या सुवर्णदुर्गाची आठवण यावी असं. खाली लिहिलंय '१९९१'. ज्या देशाने हे शहर नोटेवर छापलं त्याच देशाच्या सैन्याने त्याच शहराला वेढा घालून तोफा डागल्या.

त्यानंतर १९९१ ची ५ हजारांची नोट, समोर नोबेल मिळालेले लेखक इवो आंद्रिच, मागे बोस्नियातल्या विशेग्रादचा द्रिना नदीवरचा जुना दगडी पूल. खाली '१९९२'. त्या वर्षी त्याच पुलावर आणून बोस्नियाक मुसलमानांना मारलं आणि नदीत टाकलं, हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात ते सिद्ध झालंय. मग १९९२ ची बोस्नियाची पहिली नोट, तीवर मोस्तारचा पूल, १५६६ चा. खाली '९ नोव्हेंबर १९९३', त्या दिवशी क्रोएट तोफांनी तो पाडला. २००४ ला परत बांधला. तीन नोटा, तीन तारखा, बाकी काही लिहिलेलं नाही. मी हे पान उघडून बसले तेव्हा ह्यांनी दोनदा चहासाठी हाक मारली, मला ऐकू आली नाही.

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिच्याबद्दल एकच छोटी चिठ्ठी : १४२५ दिवस वेढा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६. तिथे ११,५४१ माणसं मेली आणि २०१२ ला शहरातल्या मोठ्या रस्त्यावर तेवढ्या लाल खुर्च्या रिकाम्या मांडून ठेवल्या होत्या. बोस्नियातलंच स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५, युनोने 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या गावात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे ठार. याला कुठलीच नोट जोडलेली नाही, कप्पा रिकामा ठेवून तारीख तेवढी लिहिली आहे. फुटलेल्या युगोस्लाव्हियात गेलेल्या युनोच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, हे चिठ्ठीत नव्हतं, मी पेन्सिलने घातलं.

लोक मात्र हमखास आपल्या नोटबंदीसारखं काही म्हणत पुढच्या नोटेवर उडी मारतात : ५०,००,००,००,०००० नाही, थांबा, मीच शून्यं चुकले. पाचावर अकरा शून्यं. ५०० अब्ज, आपल्या भाषेत पन्नास हजार कोटी दिनारची एक नोट, १९९३ अखेरची. मिलोशेविचच्या उरलेल्या युगोस्लाव्हियाची. युद्धाचा खर्च, युनोचे निर्बंध, आणि छापखाना रात्रंदिवस. जानेवारी १९९४ मध्ये महिन्याची महागाई ३१ कोटी टक्क्यांच्या वर, किमती साधारण दीड दिवसात दुप्पट. नोटेवर चित्र कोणाचं? योव्हान योव्हानोविच झ्माय, पोरांसाठी कविता लिहिणारा डॉक्टर! आमच्या काउंटरवरही २०१६ ला एका रात्रीत पाचशे-हजार कागद झाले होते, रांगा, रडारड सगळं पाहिलं, पण बदलून तरी मिळत होत्या. तिथे पगार हातात पडेपर्यंत ब्रेडचा भाव पुढे गेलेला. २४ जानेवारी १९९४ ला अव्रामोविच नावाच्या म्हाताऱ्या अर्थतज्ज्ञाने नवा दिनार एका मार्कला एक असा बांधला तेव्हा कुठे थांबलं.

आमचे हे म्हणतात, शेकडो वर्षांचं वैर होतं, कधीतरी फुटणारच होतं. पूर्वी मीही मान डोलावली असती. आता नाही. १९८१ च्या जनगणनेत १२ लाख लोकांनी जात-धर्म-प्रांत सोडून स्वतःला नुसतं 'युगोस्लाव्ह' लिहिलं होतं. आरिफचा चेहरा सगळ्यांच्या खिशात चालत होता, कोणी नोट परत केली नाही की हा मुसलमान म्हणून. वैर होतं, नाही म्हणत नाही, यासेनोवात्सचं पान तेवढ्यासाठीच आहे. पण ते झोपलेलं होतं, त्याला उठवून, टीव्हीवर बसवून, हातात बंदूक देऊन कामाला लावलं ते माणसांनी, आणि त्या माणसांची नावं, सह्या, तारखा सगळं नोंदलेलं आहे. आमच्या घरात यावर दोन दिवस वाद चालला, मोदक बिघडले.

शेवटचं पान आजच्या देशांचं. स्लोव्हेनियाचा टोलार (२००७ पासून युरो), क्रोएशियाची कुना (२०२३ पासून युरो), सर्बियाचा दिनार, उत्तर मॅसेडोनियाचा (म्हणजे आधीच्या मॅसेडोनियाचा) देनार. बोस्नियाच्या १० मार्कच्या दोन नोटा आहेत, कारण १९९५ च्या, युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर देश एक पण आत भाग दोन, म्हणून एकाच किमतीच्या नोटेवर एका भागात एक कवी, दुसऱ्या भागात दुसरा, लिप्यांचा क्रमही उलटा. चालतात मात्र दोन्हीकडे. आणि त्यांचा मार्क सुरुवातीला जर्मन मार्कला बांधलेला, जर्मनीत मार्क कधीच बंद झाला, बोस्नियात अजून आहे. २०० मार्कच्या नोटेवर परत आंद्रिच, परत तोच विशेग्रादचा पूल. ती नोट सेटमध्ये नाही, महाग पडते म्हणाले, फोटो चिकटवलाय.

दुकानाबद्दल थोडं. जीपे चालतं पण काकांना वापरता येत नाही, शेजारच्या चहावाल्याच्या नंबरवर पाठवायला लागतं. बिल मागितलं तर मिळतं. दुपारी एक ते चार बंद, पावसाळ्यात पाण्याचा इशारा आला की दोन-दोन दिवस बंद, तेव्हा आधी फोन करून जा. गाडी बाजारात नेऊ नका, बहादूरशेख नाक्याकडून रिक्षा करा. अल्बमचं प्लास्टिक हलकं आहे, मी चांगल्या कप्प्यांचा अल्बम घेऊन सगळ्या नोटा हलवल्या, ते दीडशे वेगळे धरा. पहिली नोट नक्कल आणि ती चिठ्ठीच्या मागे सांगितली, यासाठी एक स्टार कापते. पाचातले चार.

शेवटच्या पानावर दोन कप्पे रिकामे आहेत, खाली नावं लिहिलेली : माँटेनेग्रो (२००६) आणि कोसोवो (२००८). दोन्हीकडे युरो चालतो, स्वतःची नोटच नाही. मी म्हटलं काका, मग पाच-पाच युरोच्या दोन नोटा तरी घाला ना, पैसे पूर्ण घेतलेत. म्हणाले, पुतण्या बोटीवर आहे, दिवाळीला उतरतो, तोपर्यंत चिठ्ठ्या राहू देत. दिवाळीनंतर परत जाणार आहे, मिळाल्या तर इथे लिहीन.